रोज सकाळचं शून्य

“म्हणजे दोष माझा नाही, असंच ना, महाराज?”

सोमगिरी महाराज ओट्यावरून सावकाश उठले, उजव्या हातात काठी घेतली आणि डावा हात पुढे करून उभे राहिले.

विद्याधर खांबेटे त्या हाताकडे बघत राहिले. नमस्कार करायचा की हात हातात घ्यायचा, ते त्यांना कळेना.

“खांदा,” महाराज म्हणाले.

नीरेकाठच्या त्या मठाची ही रीत होती. महाराज बसून कोणाच्या प्रश्नाला उत्तर देत नसत. सकाळी ते नदीवर स्नानाला निघत, तेव्हा ज्याला काही विचारायचं असेल त्याने पुढे चालायचं, आणि महाराज त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागून चालत. ज्याचा प्रश्न त्याचा खांदा, असं गावातली माणसं म्हणत. गुडघे धरतात म्हणून आधार लागतो, असं महाराज सांगत. पण त्याच गुडघ्यांनी त्यांना भर पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या एकट्याने चढताना पुष्कळांनी पाहिलं होतं. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

खांबेट्यांनी पाठ वळवली. हात खांद्यावर आला. चिमणी येऊन बसावी इतका हलका होता तो.

दोघे चालू लागले.

खांबेटे पुण्याहून आले होते. वय साठीच्या पुढे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आवाजाला वर्गापुढे बोलायची सवय. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं होतं की घाटात एक अपघात झाला, माणसं मेली, गाडीतलं एक यंत्र त्यांनी शोधलेलं होतं आणि आता काही लोक उगाच त्या यंत्राकडे बोट दाखवतायत. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला. तसा तो प्रश्न नव्हताच. त्यांना उत्तर नको होतं, सही-शिक्क्याचा दाखला हवा होता.

“काय शोधलंस तू?” महाराजांनी मागून विचारलं.

या प्रश्नाची खांबेटे वाटच बघत होते.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या उमेदीच्या काळात गाड्यांतला दाब मोजणारा सेन्सर परदेशातून यायचा, कापसात गुंडाळलेल्या दागिन्यासारखा. इथल्या उन्हात, धुळीत, भेसळीच्या तेलात तो फार टिकायचा नाही. खांबेट्यांनी भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये इथला सेन्सर बनवला. त्याच्या पोटात नखाएवढा पोलादी पडदा. दाब आला की पडदा वाकतो. डोळ्याला दिसणारही नाही इतका कमी वाकतो, पण जितका वाकला तितका दाब. आधी इंजिनाच्या तेलाचा दाब मोजला, मग हवेचा, मग ब्रेकचा. इंडस्ट्रीत त्यांना दाबवाले खांबेटे म्हणत. देशातल्या निम्म्या गाड्यांमध्ये माझ्या हातचं काहीतरी आहे, असं ते सांगत. त्यात थोडी फुशारकी होती, पण खोटं फारसं नव्हतं.

“माणूस खोटं बोलेल,” ते म्हणाले. “दाब कधी खोटं बोलत नाही, महाराज. मी जन्मभर हेच शिकवत आलो.”

पाऊलवाट चिंचेखालून गेली. सावलीत महाराज थोडे थांबले आणि पुन्हा चालू लागले.

“यंत्र सांगतं काय?”

“दाब किती आहे ते.”

“कशाच्या मानाने?”

खांबेटे खूश झाले. हा प्रश्न इंजिनिअर झालेल्या पोरांनासुद्धा सुचत नाही, असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

“शून्याच्या मानाने,” ते म्हणाले.

“शून्य कोण ठरवतं?”

“मी.”

हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली. खांदा मात्र तितका वर आला नाही.

मग त्यांनी शून्याची गोष्ट सांगितली. वाणी काटा रिकामा ठेवून आधी शून्यावर आणतो आणि मग माल घालतो, तसंच सेन्सरचंही करावं लागतं. पण सेन्सर जुना होतो. उन्हातान्हात पडदा थकतो आणि शून्य जागचं हलतं. ब्रेकवर पायसुद्धा नसताना सेन्सर म्हणतो, थोडा दाब आहे. गाडीतला लाल दिवा लागतो. ड्रायव्हर घाबरून गॅरेजला जातो. गॅरेजवाला बघतो तर ब्रेक ठणठणीत. असे सेन्सर एका वर्षी पोत्यांनी परत यायला लागले. वरचे साहेब खांबेट्यांना बोलावून घेऊन विचारू लागले की हे दिवे विझणार कधी.

खांबेट्यांनी ते विझवले.

युक्ती साधी होती. सकाळी गाडीची चावी फिरवली की त्या क्षणी सेन्सर जे काही दाखवत असेल, त्यालाच शून्य म्हणायचं. कालचं विसरायचं. आजच्या दाबाचा हिशेब आजच्या शून्यापासून.

“रोज सकाळी यंत्र स्वतःला माफ करतं,” खांबेटे म्हणाले. “व्याख्यानात हे वाक्य टाकलं की टाळ्या पडायच्या.”

दिवे विझले. तक्रारी थांबल्या. कंपनीने शाल, श्रीफळ आणि मोठी खुर्ची दिली. युक्ती त्यांच्या नावावर नोंदली गेली.

वाट आता बांधावरून जात होती आणि खांबेट्यांना दम लागला होता. वयाचा दोष, असं त्यांना वाटलं. शर्टाची कॉलर एका बाजूला सरकली होती, ती त्यांनी चालता चालता नीट केली.

“पडदा जुना झाला की शून्य हलतं,” महाराज म्हणाले.

“हो.”

“आणि पडदा फाटायला लागला तर?”

“…तेव्हाही हलतं.”

“मग थकलेला कोण आणि मरायला टेकलेला कोण, हे यंत्राला कसं कळतं?”

खांबेटे म्हणाले, त्यासाठी मर्यादा ठेवली होती. शून्य इतक्यापर्यंत हललं तर माफ करायचं. त्याच्या पुढे गेलं तर माफी नाही, दिवा लावायचा. आपण काही मूर्ख नव्हतो, असंही ते म्हणाले.

“होती?”

“काय?”

“मर्यादा ठेवली होती म्हणालास.”

बांधावरून एक म्हैस समोरून आली. तिला वाट देण्यासाठी दोघे कडेला उभे राहिले. ती गेली तरी खांबेट्यांनी पाऊल उचललं नाही.

“काही दिवे तरीही लागत होते,” ते म्हणाले. “मग मर्यादा थोडी वाढवली.”

“मग?”

“मग आणखी थोडी.”

“कोणी वाढवली?”

“सगळ्यांनी मिळून ठरवलं.”

…

“मी सांगितलं,” खांबेटे म्हणाले, “आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवलं.”

“चल,” महाराज म्हणाले.

नदी दिसू लागली. पलीकडच्या डोंगरावर घाटाचा रस्ता नागमोडी चढला होता आणि त्यावरून गाड्या वर-खाली होत होत्या. इथून त्या मुंग्यांएवढ्या दिसत. अपघाताचा घाट हा नव्हता, दुसरा होता, पण खांबेट्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

महाराजांनी अपघाताचं विचारलं नाही. खांबेटे आपणच सांगू लागले. खाई त्याला खवखवे, तसं झालं होतं त्यांचं.

साखरपुड्याला निघालेली मिनीबस. सगळी एकाच वाडीतली माणसं. ड्रायव्हर नारायण ढेबेही त्याच वाडीतला, स्वतःची गाडी, स्वतःच्या भावकीला घेऊन चाललेला. उतारावर त्याने ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं. निम्मा ब्रेक गेला. उरलेल्या निम्म्यावर भरलेली गाडी त्या उतारावर थांबत नाही. वळणावरचा कठडा तोडून ती खाली गेली. वाचलेल्यांत ढेबे होता. गेलेल्यांत त्याची धाकटी बहीण होती, आणि जिचा साखरपुडा होता ती मुलगी होती.

पोलीस म्हणाले, डिझेल वाचवायला ढेब्याने गाडी न्यूट्रलवर सोडली असणार. घाटातले ड्रायव्हर तसं करतात, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. ढेबे आता तुरुंगात होता. त्याला जामीन राहायला त्याची वाडीही तयार नव्हती. सोमवारी कोर्टात तज्ज्ञ म्हणून खांबेट्यांची साक्ष होती. त्यांच्या एका वाक्यावर ढेब्याचं उरलेलं आयुष्य ठरणार होतं.

“दिवा लागला होता का?” महाराजांनी विचारलं.

“नाही. गाडीतल्या नोंदीत सगळं शून्य. सेन्सर अगदी व्यवस्थित, असंच त्यात दिसतं.”

“आणि तू सेन्सर उघडून पाहिलास.”

“तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला होता. मीच उघडला.”

“काय दिसलं?”

“पडदा चिरलेला होता. तिथूनच ब्रेक ऑइल बाहेर गेलं.”

“गाडी पडल्यामुळे चिरला?”

नदीच्या घाटाच्या पायऱ्या सुरू झाल्या होत्या. दगडी, झिजलेल्या, मधे मधे निखळलेल्या. एकेक पायरी उतरताना खांबेट्यांचे गुडघे लटपटत होते आणि पाठीचा कणा वाकला होता. हे आपल्याला आज काय होतंय, असा विचार त्यांच्या मनात आला आणि गेला.

“पोलाद ताजं फुटलं की चीर चांदीसारखी चमकते,” ते म्हणाले. “ही चमकत नव्हती. तपकिरी होती. कडेला गंज होता.”

“म्हणजे जुनी.”

“महिन्यांची.”

“इतके महिने तो पडदा रोज सकाळी सांगत होता.”

“…हो.”

“आणि यंत्र रोज सकाळी माफ करत होतं.”

पलीकडच्या रस्त्यावर कुठल्याशा ट्रकने लांबलचक हॉर्न दिला आणि तो वळणाआड गेला.

“त्या गाडीतही आहे का तुझा पडदा?”

“असू शकेल.”

“त्याच मर्यादेचा?”

“असू शकेल, महाराज.”

मग खांबेटे भराभर बोलू लागले. सोमवारी खरं सांगितलं तर सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागतील. कारखाना बसेल. हजारो माणसं तिथे काम करतात, त्यांच्या चुली विझतील. चाळीस वर्षं राबून उभं केलेलं नाव मातीत जाईल, आणि एकट्या खांबेट्यांचं नाही, इथल्या इंजिनिअरांचं. पुन्हा परदेशातून कापसात गुंडाळून सेन्सर येतील. आणि एवढं करून मेलेली माणसं काही उठून येणार नाहीत. यातलं काय खोटं आहे, असं त्यांनी विचारलं.

“काहीच खोटं नाही,” महाराज म्हणाले.

खांबेट्यांना हायसं वाटलं. इतक्या आठवड्यांत प्रथमच कोणीतरी त्यांच्या बाजूने बोललं होतं. मनातल्या मनात त्यांनी त्या म्हाताऱ्याचे आभार मानले.

शेवटची पायरी आली. समोर संथ, मातकट पाणी होतं.

“आलो,” महाराज म्हणाले, आणि त्यांनी हात उचलला.

खेचून धरलेली फांदी सोडावी तसा खांबेट्यांचा खांदा उसळून वर आला. ते भेलकांडले. कसाबसा तोल सावरून ते मागे वळले.

महाराज काठी पायरीला टेकवून उपरणं काढत होते.

खांबेट्यांनी खांद्याला हात लावला. शर्टावर बोटांच्या जागी खोल सुरकुत्या पडल्या होत्या आणि त्या घामाने भिजल्या होत्या. आता तिथे दुखू लागलं. हाडापर्यंत ठणका गेला.

“तुम्ही दाबत होतात?”

“हो.”

“केव्हापासून?”

“ओट्यापासून.”

“पण मला… मला कळलं कसं नाही?”

“थोडं थोडं वाढवत होतो,” महाराज म्हणाले, आणि पाण्यात उतरले.

खांबेटे पायरीवर बसले. जन्मभर दाब मोजलेला माणूस. केसाएवढ्या फरकावरून हाताखालच्या पोरांना त्यांनी रडवलं होतं. स्वतःच्या खांद्यावर एका म्हाताऱ्याने सगळा भार टाकला आणि ते वयाला दोष देत चालत राहिले. त्यांना लाज वाटली. मग लाज सरली आणि भीती वाटू लागली, कारण थोडं थोडं हे शब्द मघाशी त्यांनीच उच्चारले होते.

महाराज कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. डुबकी मारून वर आले, डोळे पुसले आणि किनाऱ्याकडे बघत राहिले.

“खिशात काय आहे?”

खांबेट्यांचा हात मघापासून उजव्या खिशातच होता. तो त्यांनी बाहेर काढला. मूठ मिटलेली होती.

“पडदा,” ते म्हणाले. “ढेब्याच्या गाडीतला.”

“आणि कोर्टात पुराव्याच्या पेटीत?”

“दुसरा आहे. तसाच दिसणारा. मी लॅबमध्ये फोडलेला.”

“ताजा?”

“चांदीसारखा.”

हे खांबेट्यांनी आजपर्यंत बायकोलाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इतके दिवस त्यांचं सगळं त्या मुठीवरच तरलं होतं.

“हा नदीत टाकायला आलो होतो मी,” खांबेटे म्हणाले. “तुम्हाला भेटायला म्हणून नाही. वाटेत मठ लागला, म्हणून…”

“मग टाक.”

“तुम्ही अडवणार नाही?”

“नदी काय माझी आहे?”

खांबेटे उठले. पाण्याच्या कडेला गेले. हात वर उचलला आणि तसाच उभा धरला. एवढासा पत्रा, फेकायला जोरही लागणार नव्हता. पाणी गढूळ होतं, पडल्यावर पुन्हा कोणाला दिसला नसता.

“ढेबे काय म्हणतो?” महाराजांनी विचारलं.

खांबेट्यांचा हात हवेतच राहिला.

ढेब्याला ते दोनदा भेटले होते, दोन्ही वेळा कंपनीच्या वकिलाबरोबर, तुरुंगात. पहिल्या भेटीत ढेबे ओरडत होता. पेडल खाली ग्येलं, पाक खाली ग्येलं, दिवा लागला न्हाई, बाकी मला कायबी ठावं न्हाई. प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. वकील वैतागला होता. खांबेट्यांनी मान खाली घालून टिपणं केली होती.

दुसऱ्या भेटीत तो ओरडत नव्हता. दाढी वाढलेली, हात मांडीवर पालथे ठेवलेले. बहिणीचं कार्य उरकल्याचं कोणीतरी येऊन सांगून गेलं होतं. त्याच्या आईने निरोप धाडला होता की सुटलास तरी या दारात येऊ नकोस. वकील निघाला आणि खांबेटे उठणार, तेवढ्यात त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

“काय म्हणाला?” महाराजांनी पुन्हा विचारलं.

खांबेट्यांना ते शब्द तोंडून काढवेनात. शेवटी ते ढेब्याच्याच बोलीत बोलले, कारण तो आवाज त्यांच्या कानातून गेलाच नव्हता.

“सायेब, तुमी शिकल्याली मानसं. समदी म्हंत्यात तर माजाच पाय हलला आसंल. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय.”

नदीवरून वारा आला आणि गेला.

खांबेट्यांचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर तो पडदा होता, काळपट, मधोमध तपकिरी रेघ असलेला. मूठ इतकी आवळली होती की त्याची कड कातडीत रुतली होती आणि रक्ताचा थेंब आला होता. तेही त्यांना कळलं नव्हतं.

ते रडले. मोठ्या माणसाला शोभत नाही अशा तऱ्हेने, नाक ओढत, खांदे हलवत रडले. महाराज पाण्यातून बघत होते. त्यांनी त्यांना रडू दिलं.

मग खांबेट्यांनी पडदा रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.

“चल,” महाराज म्हणाले.

खांबेट्यांनी पाठ वळवली. रीत आता त्यांना ठाऊक झाली होती. डावा खांदा जरा खाली करून ते क्षणभर थांबले. खांद्यावर भार आला, तसे ते पायऱ्या चढू लागले.

चढता चढता ते बोलत होते. मागे वळून बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं, त्यामुळे ते समोरच्या दगडांशी बोलत होते. सोमवारी कोर्टात सांगणार की पेटीतला पडदा खोटा आहे, तो मी ठेवला. खरा हा घ्या. चीर जुनी आहे. दिवा लागायला हवा होता, तो लागला नाही, कारण तो लागू नये अशी सोय केलेली होती.

मागून काही उत्तर आलं नाही.

“ती सोय कोणी केली असं ते विचारतील,” खांबेटे म्हणाले. “मी केली असं सांगेन. सगळ्यांनी मिळून असं म्हणणार नाही.”

खांदा दुखत होता. हे बोलून टाकलं की हलकं वाटेल, अशी त्यांची समजूत होती. तसं काही होत नव्हतं. एकेक गोष्ट बोलावी तसा भार वाढत होता.

गाड्या परत बोलवायला लागतील, ते म्हणाले. मीच तसं लिहून मागेन. मला आत टाकतील, टाकू देत. ढेब्याच्या आईला जाऊन भेटेन. ती दारात उभं करणार नाही… पण जाईन. त्या मुलीच्या घरीही जाईन. तिचं नाव मला माहीत आहे, महाराज, सगळ्यांचीच नावं मला माहीत आहेत.

त्यांनी ती नावं घेतली. एका पायरीवर एक, असं करत घेतली. शेवटची नावं घेताना त्यांचा आवाज फुटत नव्हता.

अर्ध्याच्या वर आल्यावर त्यांच्याने पाऊल उचलवेना. डावी बाजू पार खाली गेली होती आणि छाती भात्यासारखी हलत होती. त्यांनी हात टेकून पुढची पायरी धरली.

“महाराज,” ते म्हणाले, “हात थोडा हलका ठेवा. आता सोसवत नाही.”

…

आवाज आला तो मागून नाही, फार खालून आला.

“विद्याधर, मी अजून पाण्यातच उभा आहे.”